चेहरा तेलकटही आणि चुरचुरणाराही : उपचार कोठून सुरू करावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७ वर्षे. दुपारपर्यंत कपाळ, नाक आणि हनुवटी तेलाने चकाकू लागतात, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात, म्हणून गेले चार महिने दिवसातून तीन-चार वेळा फेसवॉश, आठवड्यातून तीनदा स्क्रब, त्यावर टोनर आणि रात्री सॅलिसिलिक आम्लाचे सिरम असा क्रम चालू आहे. आता साधे पाणी लागले तरी गाल झोंबतात, नाकपुड्यांच्या कडेला लाली आणि पापुद्रे दिसतात. मॉइश्चरायझर लावावे तर आग होते आणि न लावावे तर कातडी ओढल्यासारखी वाटते. तेल घालवणारे काही लावले की आग वाढते, शांत करणारे काही लावले की चेहरा चिकट होतो, अशा वेळी आधी काय करावे?

आधी आग शमवावी आणि तेलाकडे निदान सहा आठवडे लक्ष देऊ नये, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे याची मला जाणीव आहे, कारण आरशात दिसते ते तेल, आणि बिघाड झालेला थर मात्र डोळ्यांना दिसत नाही. हा क्रम असाच का, हे नीट उमगल्याशिवाय सहा आठवडे धीर टिकत नाही, म्हणून कारणांपासूनच सुरुवात करते.

त्वचेवर दोन वेगवेगळ्या प्रकारची स्निग्धता असते आणि त्या दोहोंची गल्लत हे या त्रासाचे मूळ आहे. पहिली तैलग्रंथींतून पाझरणारी. तिला सिबम म्हणतात. चेहऱ्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात, त्यांच्या पेशी तेलाने भरून फुटतात आणि ते तेल केसाच्या मुळालगतच्या छिद्रातून वर येते. त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर आणि स्क्वालीन हे मुख्य घटक असतात. दुसरी स्निग्धता त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरात, दोन पेशींच्या मधल्या फटींत असते. विटांच्या बांधकामात दरजा भरतात, तशी ती त्या फटी भरून टाकते. तिच्यात वजनाने सुमारे निम्मे सिरॅमाइड असतात आणि उरलेल्या भागात मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. आतले पाणी आत आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर ठेवण्याचे काम हीच करते. हा सगळा थर १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे साध्या कागदाच्या एक-पंचमांशाएवढाही जेमतेम असतो. दरजा निघून गेल्यावर भिंतीवर कितीही तेल ओतले तरी पाणी झिरपायचे थांबत नाही. तसेच सिबम कितीही आले तरी या फटी त्याने भरून निघत नाहीत. म्हणूनच तेलाने निथळणारा चेहरा त्याच वेळी कोरडा, ओढलेला आणि हळवा असू शकतो. हे विचित्र वाटते, पण यात विसंगती काही नाही.

आता तुमच्या चार महिन्यांच्या क्रमाकडे पाहू. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.७ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. पारंपरिक पद्धतीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. सिरॅमाइड तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात आणि पेशींचे आपसांतले सांधे तोडणारी विकरे मात्र सामू वाढला की जोर धरतात. म्हणजे वारंवार साबणाने धुतलेल्या चेहऱ्यावर दुरुस्ती मंदावते आणि मोडतोड वाढते. फेसवॉशमध्ये सोडियम लॉरिल सल्फेटसारखा तीव्र फेसकारी पदार्थ असेल तर तो सिबमबरोबर फटींतली स्निग्धताही उपसून नेतो. हाच पदार्थ प्रयोगशाळांमध्ये त्वचेचा दाह मुद्दाम निर्माण करून त्याचा अभ्यास करण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला जातो, एवढे सांगितले तरी त्याची ताकद लक्षात येईल. त्यावर स्क्रबचे घर्षण, टोनरमधले अल्कोहोल आणि शेवटी सॅलिसिलिक आम्ल. यांतले एखादे, बेताने, बहुतेकांना चालते. सगळे एकत्र आणि रोज, हे फार थोड्यांची कातडी सोसते.

पाणीसुद्धा का झोंबते, हा प्रश्न मला रुग्ण फार कळवळून विचारतात, कारण घरच्यांना ते खरे वाटत नाही. ते खरे असते. फटी उघड्या पडल्या की त्वचेतल्या सूक्ष्म मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत बाहेरचे पदार्थ सहज पोहोचतात. ही टोके उष्णता, आम्ल आणि तिखटपणा ओळखणारी असतात आणि एकदा चेतवली गेली की पुढे क्षुल्लक कारणानेही आगीचा संदेश पाठवू लागतात. खाजेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१७ साली संवेदनशील त्वचेची जी व्याख्या मांडली, तिचा गाभाही हाच आहे : ज्या गोष्टींनी एरवी काही होऊ नये त्यांनी चुरचुर, आग, वेदना किंवा खाज होणे. त्या व्याख्येनुसार त्वचा दिसायला अगदी स्वच्छ असली तरी हा त्रास असू शकतो. तेव्हा तुम्हाला होते ते मनाचे खेळ नाहीत.

तपासताना मी दोन गोष्टी आवर्जून करते. पहिली म्हणजे रुग्णाला चेहऱ्याला लागणारी प्रत्येक बाटली, नळी आणि डबी पिशवीत घालून आणायला सांगते आणि ती सगळी टेबलावर ओळीने मांडते. परवाच एका पिशवीतून १४ वस्तू निघाल्या. त्यांपैकी पाचांमध्ये कोणते ना कोणते आम्ल होते आणि ते आणणाऱ्या व्यक्तीला त्यांतल्या दोनच ठाऊक होत्या. दुसरी म्हणजे दिवा बाजूला धरून तिरप्या उजेडात गाल पाहते. चकाकी दोन तऱ्हेची असते. तेलाची चकाकी ओलसर असते, छिद्रांभोवती थेंबाथेंबाने जमते, आणि पातळ टिपकागद दाबला की कागदावर पारदर्शक ठिपके उमटतात. दुसरी चकाकी ओढून बसवलेल्या पातळ प्लास्टिकसारखी सपाट असते, टिपकागद कोरडाच राहतो, आणि हसताना गालावर अगदी बारीक, एकमेकींना समांतर चुण्या दिसतात. अनेक जण या दुसऱ्या चकाकीलाच तेल समजून ती घासत राहतात. हा टिपकागदाचा प्रयोग तुम्ही घरी आज दुपारीच करून पाहा. कपाळावर आणि गालावर वेगवेगळा कागद वापरा. मला वाटते, कपाळाचा कागद भिजेल आणि गालाचा नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मुरमांनी त्रासलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. चेहरा तेलकट होता, म्हणून मी ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलिन ही दोन्ही औषधे पहिल्याच दिवशी लिहून दिली. तो आधीपासून दिवसातून पाच वेळा तोंड धूत होता, हे मी विचारलेच नाही. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या, गाल लाल होते, घाम आला तरी आग होत होती, आणि मुरूम होते तसेच होते. औषधे चुकीची नव्हती. ज्या कातडीवर ती लावली तिची अवस्था मी पाहिली नव्हती. ती औषधे बंद करून पाच-सहा आठवडे केवळ कातडी सावरू दिली आणि मग त्यांतले एकच, सौम्य प्रमाणात दिले, तेव्हा त्याला गुण आला. तेव्हापासून चेहरा किती वेळा आणि कशाने धुता, हा माझा पहिला प्रश्न असतो.

तुमच्यासाठी पहिल्या सहा आठवड्यांची योजना अशी. स्क्रब, टोनर, सिरम, मुखलेप, चेहऱ्याचा ब्रश, वाफ घेणे, हे सर्व आजपासून बंद. हळूहळू कमी करायचे नाही, एकदम बंद. रात्री एकदाच, कमी फेस येणाऱ्या, सुगंधरहित, साबणविरहित क्लेन्झरने चेहरा धुवावा. तो बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवावा, कोमट पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावा, पुसू नये. सकाळी नुसते पाणी पुरे. धुतल्यावर चेहरा करकरीत वाटला पाहिजे, ही सवय सोडावी लागेल, कारण तो करकरीतपणा म्हणजे दरजाही निघाल्याची खूण आहे.

मॉइश्चरायझर टाळू नये, मात्र निवडून घ्यावे. तुमच्यासारख्या चेहऱ्याला पातळ लोशन किंवा जेलसारखे क्रीम, ज्यात ग्लिसरीन आणि सिरॅमाइड आहेत आणि सुगंध नाही, असे सोसते. घटकांच्या यादीत युरिया, लॅक्टिक आम्ल, मेन्थॉल, सुगंधी तेले किंवा सुरुवातीच्या नावांतच अल्कोहोल दिसले तर ते या काळात घेऊ नये. प्रोपिलीन ग्लायकॉलही काहींना झोंबते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये, कारण सुगंधी तेलेही नैसर्गिकच असतात आणि ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांत त्यांचा क्रमांक बराच वर आहे. ‘छिद्रे न बुजवणारे’ या अर्थाच्या शिक्क्यालाही मर्यादा आहेत : प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचे वर्णन क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ साली केले, आणि त्यानंतर घटकांची पारख बरीच वर्षे सशाच्या कानावर होत असे, जो माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर प्रतिक्रिया देतो. शिक्का असलेले घ्यावे, पण आपल्या चेहऱ्यावर सहा आठवड्यांत काय घडते ते जास्त विश्वासाचे मानावे.

मॉइश्चरायझर लावताना आग होते, त्यावर एक उपाय असा की धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे घ्यावे आणि आधी गालांवर लावावे. कपाळ आणि नाक यांना हाताला उरलेले पुरते. किंचित चुरचुर होऊन दोन-तीन मिनिटांत थांबली तर घाबरू नये. आग दहा मिनिटांहून अधिक टिकली, किंवा लाली, सूज वा खाज आली, तर ते उत्पादन तुमचे नव्हे. कोणतेही नवे उत्पादन चेहऱ्यावर नेण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला, एका ठरलेल्या जागी, दिवसातून दोनदा असे सात दिवस लावून पाहावे. एक दिवसाची चाचणी पुरत नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया उठायला कधी कधी अनेक दिवस लागतात.

सनस्क्रीन या काळातही हवे, कारण दाह झालेल्या जागी ऊन लागले की काळे डाग मागे राहतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन बहुधा कमी झोंबते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मान यांना लागतात. त्याहून कमी लावले तर वेष्टनावरचे संरक्षण मिळत नाही. तेही सोसत नसेल तर पहिले दोन आठवडे टोपी आणि सावली यांवर भागवावे.

येथपर्यंतची योजना तुमचा त्रास निव्वळ अति उपचारांमुळे आहे असे गृहीत धरून सांगितली. पण नाकपुड्यांच्या कडेचे पापुद्रे मला थोडे थांबायला लावतात. तेच पापुद्रे पिवळसर आणि तेलकट असतील, भुवयांत, कानांमागे किंवा टाळूवरही असतील, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असण्याची शक्यता मोठी आहे. मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट, जे सगळ्यांच्याच त्वचेवर राहते आणि तेलावर जगते, त्याच्याशी या विकाराचा संबंध आहे. त्यावर २ टक्के कीटोकोनॅझोलच्या क्रीमने दोन ते चार आठवड्यांत स्पष्ट फरक पडतो, आणि टाळूवर कोंडा असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करावा लागतो. या विकारात चेहऱ्याला वनस्पतिजन्य तेले चोळू नयेत, कारण त्यांतली मेदाम्ले हे या यीस्टचे खाद्यच आहे. कोरडेपणा समजून तेल चोळणे आणि कोंडा वाढवून घेणे, हे मी फार वेळा पाहिले आहे.

गाल आणि नाक वारंवार तापून लाल होत असतील, पुटकुळ्या असतील पण काळ्या किंवा पांढऱ्या टोकाचे दाणे नसतील, डोळेही चुरचुरत असतील, तर रोझेशियाचा विचार करावा लागतो. सावळ्या त्वचेत लाली उठून दिसत नाही म्हणून हे निदान हमखास सुटते. तेथे रुग्णाने सांगितलेली उष्णतेची भावना हाच मोठा पुरावा असतो. ओठांभोवती बारीक पुरळ आणि ओठांलगतची अरुंद पट्टी मात्र स्वच्छ, असे दिसले तर तोंडाभोवतीचा दाह, आणि तेव्हा चेहऱ्याला स्टेरॉइडचे क्रीम लावले जाते का, ही चौकशी मी करतेच. पापण्या आणि मान यांना खाज सुटत असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. मेथिलआयसोथायाझोलिनोन या संरक्षक द्रव्यामुळे अशा ॲलर्जीचे इतके रुग्ण आढळले की युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास मनाई केली. पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थांच्या पट्ट्या त्वचेवर चिकटवून केलेल्या चाचणीने, नेमका पदार्थ शोधता येतो, आणि तो सापडला की वर्षानुवर्षांचा त्रास केवळ एक बाटली बदलून थांबतो.

स्टेरॉइडबद्दल मला पोटतिडकीने सांगायचे आहे. कोणी दिलेले, पूर्वी कधी लिहून मिळालेले किंवा रंग उजळण्याच्या नावाने विकले जाणारे क्रीम चेहऱ्यावर लावत असाल, तर त्याची नळी हातात घेऊन घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. लावल्यावर दोन दिवसांत आग आणि लाली थांबते, म्हणून ते गुणकारी वाटते. काही आठवड्यांनी मात्र कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उठतात, आणि बंद केले की आग आधीपेक्षा दुपटीने परतते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. या चक्रात असाल तर ते एकट्याने सोडण्याचा प्रयत्न करू नका. ते कसे उतरवायचे हे डॉक्टर ठरवतील, आणि बंद केल्यानंतरचे पहिले काही आठवडे कठीण जाणार हे आधीच माहीत असलेले बरे.

सहा आठवड्यांनी पाणी झोंबत नसेल, तर तेल आणि पुटकुळ्यांकडे वळता येईल. तेव्हाही एकच औषध, कमीत कमी प्रमाणात, आठवड्यातून दोनदा, मॉइश्चरायझरवर. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती १५ टक्के ॲझेलेइक आम्लाला आहे, कारण ते पुटकुळ्या, लाली आणि डाग या तिन्हींवर चालते आणि गरोदरपणातही वापरता येते. सुरुवातीला थोडी खाज येते, ती बहुधा ओसरते. छिद्रे बुजण्याचा भाग जास्त असेल तर ०.१ टक्का ॲडापलिन, पण गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ते वापरू नये. बेंझॉइल पेरॉक्साइड लागलेच तर २.५ टक्क्यांचे घ्यावे. ५ आणि १० टक्क्यांइतकाच त्याचा गुण येतो आणि दाह कमी होतो, हे १९८६ पासून नोंदलेले आहे. त्याने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचे एक रूप) २ ते ५ टक्के पुरते. १० टक्क्यांचे सिरम हळव्या चेहऱ्याला उगीच डिवचते. यांपैकी कशाचाही गुण समजायला आठ ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे दोन आठवड्यांत औषध बदलणे म्हणजे दाह पुन्हा ओढवून घेणे होय.

तेल किती यावे हे मुख्यतः अँड्रोजन संप्रेरके आणि आनुवंशिकता ठरवतात. चेहरा जास्त धुतल्याने ग्रंथी चिडून जास्त तेल बनवतात असे सर्रास लिहिले जाते, पण त्याला भक्कम आधार नाही. धुणे कमी करायचे ते कातडीच्या थरासाठी. याची दुसरी बाजू अशी की वरून लावायच्या बहुतेक उत्पादनांनी तेलाचे उत्पादन फारसे घटत नाही. ते ठळकपणे घटवणारे औषध म्हणजे पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन. ते गंभीर मुरमांसाठी आहे, गर्भाला त्याने घातक व्यंगे होतात आणि ते केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. तेव्हा दुपारची चकाकी टिपकागदाने हलकेच टिपून घ्यावी. त्याने कातडीचे काहीही नुकसान होत नाही, आणि दिवसातून तीनदा टिपले तरी हरकत नाही.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नयेत. पहिल्याचा सामू २ च्या आसपास, दुसऱ्याच्या द्रावणाचा ८ च्या वर. दोन्हीही कातडीला परके, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास चट्टे पडतात. जास्त पाणी पिऊन चेहऱ्याचा हा कोरडेपणा भरून निघत नाही.

तरुण वयात एकदाच झालेली वरच्या थराची इजा तीन-चार दिवसांत भरून येते. चार महिन्यांच्या माऱ्याला त्याहून बराच वेळ लागतो, आणि सुधारणाही ठरावीक क्रमाने होते. आधी पाणी झोंबायचे थांबते, मग ओढल्यासारखे वाटणे जाते, लाली त्यानंतर उतरते आणि पुटकुळ्या सर्वांत शेवटी. मधल्या काळात चेहरा अधिक तेलकट वाटेल. तो दिसू द्यावा. दर रविवारी सकाळी, चेहरा धुण्यापूर्वी, एकाच खिडकीपाशी छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तीन आठवड्यांत झोंबणे जराही कमी झाले नाही, पापुद्रे पसरले, पाणी किंवा पू दिसू लागला, अथवा डोळे लाल झाले, तर सहा आठवड्यांची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना ती सगळ्या बाटल्यांची पिशवी सोबत न्यावी.